घरातले कागद एका बॅगेत : पाडव्यापासून पावसापर्यंतच्या नोंदी

३० मार्च २०२५, रविवार, पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली आणि जेवण झाल्या झाल्या घरात सांगून टाकलं की मृग निघायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आत, या घरातले सगळे कागद बघून, निवडून, स्कॅन करून एका बॅगेत आले पाहिजेत. एकच बॅग, एका माणसाला एका हातानं उचलता येईल अशी. मागची दोन वर्षं नुसतं बोलणं झालं आणि पाऊस आला, म्हणून यावेळी तारखा घालून लिहून ठेवतेय.

कारण सांगते. आम्ही सांगलीत गावभागात राहतो, खाली राहतं घर, वर एक खोली आणि गच्ची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्यानं ५७ फूट ओलांडले, धोक्याची पातळी ४५ ला धरतात, म्हणजे काय झालं असेल बघा. रात्रीत आम्ही धान्य, गॅस, टीव्ही, गाद्या वर नेल्या आणि कागदांचं लोखंडी कपाट तसंच खाली राहिलं, कारण त्यात काय कुठं आहे ते फक्त अण्णांना (सासरे) माहीत आणि अण्णा त्या आठवड्यात पुण्याला भावजींकडे. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर प्रत्येक फाईल म्हणजे चिखलाची वीट. आईंनी (सासूबाई) भाकरीच्या पातळ उलथन्यानं एकेक पान सोडवलं आणि मी ते वरच्या खोलीत जुन्या सुती साड्यांवर पसरत गेले. वीज नव्हती, फॅन नाही, सगळीकडं ओल, दोन-तीन दिवसात उरलेल्या गठ्ठ्यांवर बुरशी धरली. अण्णांनी शाईपेननं लिहिलेलं सगळं निळं पाणी होऊन वाहून गेलं, बॉलपेनचं टिकलं, टाईप केलेलं टिकलं. त्यांची बत्तीस वर्षांच्या हिशोबाची वही होती, तिची पानं हातात नुसती निळसर कोरी आली. ते पुण्याहून आल्यावर ती वही हातात धरून बराच वेळ काही बोलले नाहीत, ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

अण्णा २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. कपाटात काय आहे हे आता कुणालाच पूर्ण माहीत नाही.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

जन्माची वेळ आटपून दुपारी कपाट रिकामं केलं. सगळं हॉलमध्ये सतरंजीवर. वजन केलं धान्याच्या काट्यावर, अठ्ठावन्न किलो भरलं. झेरॉक्सच किती निघाल्या, एकट्या अण्णांच्या आधार कार्डच्या तेवीस. दर वेळी कुठंतरी लागेल म्हणून पाच काढायच्या, दोन द्यायच्या, तीन घरी.

आज वाचत बसायचं नाही असं ठरवलं होतं, फक्त ढीग करायचे. तरी आई एका जुन्या रेशन कार्डापाशी अडकल्या, त्यात ननंदेचं नाव लग्नाआधीचं. मीही मग थांबले. ते कार्ड ठेवायचंय, कामाचं नसलं तरी.

१३ एप्रिल, रविवार

आज सगळ्यात महत्त्वाचं काम, काय कागदावरच राहिलं पाहिजे ते ठरवणं. स्कॅन केलं की फाडून टाकायचं असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, काही कागदांची ओरिजिनल गेली की ती पुन्हा उभी करायला वर्षं जातात. वकिलांना आणि आमच्या सीएंना फोन करून, एकेक कागद हातात घेऊन विचारलं.

घराचं खरेदीखत ओरिजिनल, रजिस्ट्रेशनच्या पावतीसकट, इंडेक्स टू (नोंदणी ऑफिसचा व्यवहाराचा उतारा) बरोबर. अण्णांचं मृत्युपत्र, कारण मृत्युपत्र हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधून वगळलेलं आहे, ते कागदावर सही-साक्षीदारांसकटच लागतं, मोबाईलमधला फोटो म्हणजे मृत्युपत्र नाही. एलआयसीचे बाँड, मुदत संपल्यावर ओरिजिनल मागतात. जन्म-मृत्यूचे दाखले, लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला. आणि अण्णांचे कागदी शेअर, दोन कंपन्यांचे, एका सर्टिफिकेटवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते. कागदी शेअर १ एप्रिल २०१९ पासून तसेच दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, आधी वारसांच्या नावे करून डिमॅट (कागदाऐवजी खात्यात जमा) करावे लागतात, आणि सलग सात वर्षं डिव्हिडंड कुणी घेतला नाही तर ते शेअर आयईपीएफकडे, म्हणजे गुंतवणूकदारांसाठीच्या सरकारी फंडाकडे जातात, तिथून सोडवता येतात पण कागदपत्रं भरपूर. हे काम नवऱ्याकडे दिलं, ते वेगळं चालेल.

तासगावच्या बाजूला थोडी शेती आहे, तिच्या सातबाराच्या चाळीसएक प्रती निघाल्या, तलाठ्याच्या सहीच्या, १९८० पासूनच्या. नवीन सातबारा डिजिटल सहीचा ऑनलाइन १५ रुपयात निघतो, फुकट दिसतो तो फक्त माहितीसाठी, त्यावर सही नसते, हा फरक लक्षात ठेवा. म्हणून अलीकडच्या प्रती सगळ्या काढल्या पण जुन्या हातानं लिहिलेल्या आणि फेरफाराच्या नकला ठेवल्या, त्यात भावकीच्या वाटण्या आहेत.

ढिगाच्या तळाला एका कापडात बांधलेले मोडीतले चार कागद. पुरात ते सुटले, कारण अण्णांनी ते वरच्या कप्प्यात ठेवले होते. आम्हाला कुणालाच वाचता येत नाहीत.

१४ एप्रिल, सोमवार (आंबेडकर जयंतीची सुट्टी)

रद्दीवाला यायच्या आधी ढीग पुन्हा चाळला. कारण मागच्या महिन्यात कोपऱ्यावर शेंगदाण्याची पुडी घेतली, घरी येऊन उलगडली तर कुणाच्या तरी बँकेचं स्टेटमेंट, नाव, पत्ता, खातं नंबर, कुणाला किती दिले सगळं. त्या माणसाला पत्ताही नसेल की त्याचा सहा महिन्यांचा पगार गावभागात शेंगदाण्याला गुंडाळून फिरतोय.

श्रेडर आणायची गरज नाही. नाव, नंबर, सही असलेले कागद हातानं फाडून बादलीत पाण्यात, रात्रभर भिजू द्यायचे, सकाळी काठीनं घुसळलं की लगदा होतो, पिळून गोळे करून गच्चीवर वाळवायचे. लेकीला यात फार रस, तिनं तीन बादल्या केल्या. झेरॉक्सचा कागद भिजायला वेळ घेतो, दोन दिवस ठेवावा लागला. एक गोष्ट मात्र यात घालायची नाही, दुकानाच्या आणि एटीएमच्या त्या गुळगुळीत पावत्या. तो थर्मल कागद असतो, उष्णतेनं काळा होणाऱ्या केमिकलचा थर असतो त्याच्यावर, त्या फाडून सरळ कचऱ्यात. आणि हाच कागद वर्ष-दोन वर्षात पांढरा पडतो, फ्रीजच्या वॉरंटीची पावती आमची अशीच कोरी निघाली. तेव्हा वॉरंटीची पावती आली की त्याच दिवशी फोटो.

बाकी रद्दी एकेचाळीस किलो गेली.

२० एप्रिल, रविवार

नळ चालू ठेवून टाकी रिकामी करण्यात अर्थ नाही म्हणून आज येणारे कागद बंद करायचं काम. लाईट बिल महावितरणच्या गो-ग्रीन योजनेत टाकलं, छापील बिलावर जीजीएन नंबर असतो तो घालून नोंदणी होते, बिल मेलवर येतं आणि महिन्याला दहा रुपये सूट म्हणजे वर्षाचे १२०. बँकेची स्टेटमेंट मेलवर केली. विमा १ एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच द्यायचा नियम झालाय, त्यामुळं गाडीची पॉलिसी यावेळी मेलवरच आली होती आणि आम्ही तिची प्रिंट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीत ठेवली होती! डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं लायसन आणि गाडीचं आरसी कागदाइतकंच चालतं.

आईंचं पासबुक मात्र तसंच ठेवलं. त्यांना ते भरून आणायला जायला आवडतं, बँकेत ओळखीची माणसं भेटतात, आणि त्यांना हिशोब त्यातच कळतो. ते बंद करणं मला पटत नाही.

२७ एप्रिल, रविवार

स्कॅनिंग. तीन रविवारांत होईल असं वाटतंय. काय शिकले ते लिहिते, पुढच्या माणसाचा वेळ वाचेल.

मोबाईलच्या स्कॅनर ॲपनं चांगलं होतं, ड्राईव्हच्या ॲपमध्ये कॅमेऱ्याचं बटण आहे तेही पुरतं. खिडकीजवळ, सकाळी दहाच्या उजेडात, फ्लॅश बंद, खाली गडद रंगाचं कापड, म्हणजे ॲपला कागदाच्या कडा नीट सापडतात. आधी टाचण्या आणि स्टेपलर पिना काढायच्या, गंजलेल्या असतात, ओढल्या तर कागद फाटतो, मागून पाकळ्या सरळ करून काढायच्या. रंगीतच स्कॅन करायचं. मी पहिले वीस कागद काळ्या-पांढऱ्या फिल्टरनं केले आणि नंतर बघते तर ग्रामपंचायतीचा जांभळा गोल शिक्का कुठंच नाही, फिल्टरनं पुसून टाकलेला, परत सगळे करावे लागले. बरं की ओरिजिनल हातात होते. म्हणून नियम, फाईल उघडून, झूम करून, शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय काहीही फाडायचं नाही.

जुने फोटो मात्र मोबाईलनं नको, चकाकतात. ते शेजारच्या स्टुडिओत फ्लॅटबेड स्कॅनरवर करून घेतले, कागदपत्रांना ३०० डीपीआय पुरतं, छोट्या जुन्या फोटोंना ६०० सांगा. आणि जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, कृपा करून. गरम करून चिकटवलेलं प्लास्टिक परत निघत नाही, आत ओल राहिली तर कागद आतल्या आत खराब होतो. आईंच्या जन्मदाखल्याचं तेच झालंय, मधोमध पिवळा डाग वाढत चाललाय आणि आपण काही करू शकत नाही.

१ मे, गुरुवार

अण्णांचा मोबाईल.

तो दीड वर्ष आईंच्या कपाटात साड्यांखाली होता. कुणी हात लावला नव्हता. पण गुगलचा नियम असाय की दोन वर्षं खात्यात कुणी आलंच नाही तर ते खातं आतल्या सगळ्या गोष्टींसकट काढून टाकू शकतात, म्हणजे या ऑक्टोबरपर्यंतच वेळ होता. आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बघा, पण मी असताना बघा." मग संध्याकाळी सगळे बसलो. चार्जरला लावल्यावर दहा मिनिटं काहीच नाही, मग लोगो आला. पॅटर्न लेकीला माहीत होता, आजोबांनी तिला गेम खेळायला दाखवला होता, इंग्रजी एल उलटा.

आत काय सापडलं तर ठेवींची यादी. पुरात वही गेल्यावर त्यांनी सगळं आठवून आठवून स्वतःलाच मेल केलं होतं, विषय "वही २", बँक, पावती नंबर, मुदत, कुणासाठी. शेवटची ओळ, "नातीच्या शिक्षणाची वेगळी, हात लावू नये." दोन ठेवी आम्हाला माहीतच नव्हत्या. आई ती ओळ परत परत वाचायला सांगत होत्या.

सगळं गुगलच्या टेकआउटनं (खात्यातलं सगळं एकदम उतरवायची सोय) उतरवून घेतलं. आणि मग चौघांनी आपापल्या खात्यात इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर लावला, म्हणजे आपण इतके महिने आलो नाही तर कुणाला कळवायचं आणि काय द्यायचं हे आधीच सांगता येतं. पाच मिनिटांचं काम आहे. १ एप्रिलपासून डिजिलॉकरमध्येही डिमॅट आणि म्युच्युअल फंडाची स्टेटमेंट ठेवता येतात आणि नॉमिनी नेमता येतो, तेही केलं. सिमचं पण बघा, नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर बंद करून पुढं दुसऱ्याला मिळू शकतो, आणि बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर जात असतात. अण्णांचा नंबर नवऱ्यानं रिचार्ज करत ठेवला होता ते बरं झालं, आता ठेवींचं काम झालं की सगळीकडून काढून मग बंद करायचा.

१३ मे, मंगळवार

दहावीचा निकाल, एक वाजता. लेक पास, ८८ टक्के! पेढे. मार्कशीट डिजिलॉकरमध्येही आली. आज दुसरं काही काम नाही.

१८ मे, रविवार

फाईलींना नावं द्यायचं काम, हे स्कॅनिंगपेक्षा जास्त डोकं खातं. तारीख आधी लिहायची, वर्ष-महिना-दिवस अशा क्रमानं, म्हणजे आपोआप ओळीनं लागतात. फोल्डर मी पाच केले, प्रॉपर्टी, इन्शुरन्स, मेडिकल, एज्युकेशन, बँक.

दाखल्यांसाठी एक बारकं फोल्डर वेगळं, कारण दाखल्यांच्या 'आपले सरकार' या सरकारी वेबसाईटवर कागद ७५ ते ५०० केबीमध्येच बसवावा लागतो आणि फोटो तर २० केबीच्या आत, दर वेळी ऐन वेळी सायबर कॅफेत जाऊन साईझ कमी करत बसायचं आणि त्या अनोळखी कॉम्प्युटरवर आपलं आधार तसंच पडून राहायचं. आता एक मोठी प्रत, एक बारीक प्रत, दोन्ही तयार. आधार देताना जिथं चालतं तिथं मास्क्ड आधार, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

२६ मे, सोमवार

ठरवलं होतं ७ जून आणि मान्सून २४ मेलाच केरळात आणि दुसऱ्या दिवशी कोकणात! गेला आठवडाभर इथंही कोसळतोय, गच्चीवर वाळत घातलेले लगद्याचे गोळे परत भिजले. स्कॅनिंग अजून एक गठ्ठा बाकी, तो आज रात्री जागून संपवला. ओलसर हवेत कागद बाहेर नकोत. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात, नवीन चपलांच्या खोक्यात येतात त्या साठवल्या होत्या.

१ जून, रविवार

सगळं चढवायला गेलो तर नवऱ्याच्या खात्यात जागाच नाही. गुगलचे फुकट १५ जीबी हे मेल, ड्राईव्ह आणि फोटो तिन्ही मिळून असतात आणि जून २०२१ पासून फोटोही त्यात मोजतात. सगळी जागा व्हॉट्सॲपवरून आलेल्या शुभ सकाळ आणि लग्नाच्या व्हिडिओंनी खाल्लेली. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजमध्ये जाऊन सगळ्यात मोठ्या फाईली वर येतात, तिथून काढल्या, गुगल फोटोमध्ये चढलेल्याही काढल्या, मीडिया आपोआप डाऊनलोड होणं बंद केलं, गॅलरीत दिसणंही बंद. नऊ जीबी मोकळे झाले, जास्तीची जागा विकत घ्यायची वेळ आली नाही.

प्रती तीन ठेवल्यात. एक क्लाऊडवर, एक घरातल्या हार्ड डिस्कवर, एक हार्ड डिस्क भावजींच्या घरी पुण्याला. पूर आला तर सांगलीतली प्रत आणि सांगलीतला कागद एकदमच जाणार, म्हणून एक प्रत नदीपासून लांब पाहिजेच. पासवर्ड सगळे एका कागदावर, बॉलपेननं, बंद पाकिटात, बॅगेत.

८ जून, रविवार

परीक्षा घेतली. मी आणि नवरा गच्चीवर थांबलो, आईंना टॅब दिला आणि म्हटलं, आई, यंदाची घरपट्टीची पावती काढून दाखवा, आम्हाला विचारायचं नाही.

पंधरा मिनिटांनी वर आल्या, नाही सापडली. घरपट्टी म्हणून शोधत होत्या, मी ठेवली होती प्रॉपर्टीमध्ये, "टॅक्स रिसीट" नावानं. त्या एवढंच म्हणाल्या, "अण्णांच्या कपाटासारखंच झालं की गं हे. तुलाच माहीत."

खरं आहे ते. दोन महिने मी सगळ्यांसाठी म्हणून जे केलं ते माझ्या डोक्यातल्या नावांनी केलं. उद्या पुराच्या रात्री मी पुण्यात असले तर?

रात्री बसून सगळी नावं बदलली, आई एकेक कागद बघून त्याला काय म्हणतात ते सांगत होत्या आणि मी टाईप करत होते. "घराचे कागद". "शेत". "दवाखाना". "अण्णांचं". विम्याच्या पॉलिसीला त्या "कॅशलेसचं कार्ड" म्हणतात, तर तसंच. देवनागरीत नाव दिलं की काही वेबसाईटवर फाईल चढत नाही, म्हणून ते दाखल्यांचं बारकं फोल्डर तेवढं इंग्रजीत ठेवलं, बाकी सगळं आईंच्या शब्दात.

१५ जून, रविवार

आज आईंनी घरपट्टी काढली, एक मिनिटाच्या आत. मग स्वतःहून कॅशलेसचं कार्ड काढलं, मग अण्णांचं फोल्डर उघडून "वही २" वाचत बसल्या.

बॅग काट्यावर ठेवली, तीन किलो चारशे ग्रॅम, पासवर्डचं पाकीट आणि ते रेशन कार्ड धरून. लेकीनं ती एका हातात घेऊन जिना चढून दाखवला. वरच्या खोलीत खुंटीला अडकवली आहे, पावसाळा संपेपर्यंत ती तिथंच.

मोडीतल्या कागदांचे फोटो एका मोडी वाचणाऱ्या गुरुजींना दाखवले होते, ते म्हणाले ओरिजिनल बघितल्याशिवाय सांगत नाही. शनिवारी घरी येतायत. आईंनी विचारलं, जेवायला काय करू.